पाणंदीत कोणती गाडी जाईल? आधी पाईप घेऊन चालून या

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. जुळे सोलापुरात राहणारं चौघांचं कुटुंब: नवरा-बायको, नववीतला मुलगा आणि अडुसष्ट वर्षांच्या आई. मंगळवेढ्याच्या अलीकडे वडिलोपार्जित शेत आहे. डांबरी सोडली की सहाशे-सातशे मीटर पाणंद, म्हणजे शेताकडची कच्ची वाट, लागते. घरी छोटी हॅचबॅक आहे, पण पावसाळ्यात ती पाणंदीच्या तोंडाशी उभी करून चिखल तुडवत जावं लागतं. म्हणून आता फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणारी गाडी, घ्यायची आहे. पाच दारांची थार रॉक्स मनात भरली आहे. तीन दारांची थार, जिम्नी आणि पाच दारांची गुरखा यासुद्धा बघून झाल्या आहेत. सुट्टीत उजनीच्या काठाला, बार्शीकडच्या बालाघाटाच्या डोंगरात, जमलं तर कोकणात जायचा विचार आहे. आणि शेवटचं वाक्य असं: "मोठीच घेतली म्हणजे पुढे कुठे अडायला नको, बरोबर ना?"

या शेवटच्या वाक्यासाठीच मी एवढं लांब लिहितोय. अरुंद वाटेवर अडते ती मोठी गाडीच. इंजिनची ताकद, फोर लो (हळू चालीचा, जास्त जोराचा गिअर), डिफ लॉक (दोन्ही बाजूंची चाकं सारखी फिरवणारी सोय) हे सगळं चाकाला पकड मिळावी म्हणून असतं. वळणावर विहिरीचा कठडा आणि समोरची पाण्याची चारी यांच्यामधली जागा त्यातल्या कशानेही बोटभरसुद्धा वाढत नाही.

मी बावीस वर्षं ठिबक आणि सौरपंप बसवायचं काम करतोय. जिल्ह्याच्या अकराही तालुक्यांत शेतापर्यंत गाडी नेणं हाच माझा रोजचा धंदा. डांबरीवर उतरून सामान डोक्यावर वाहून न्यायचं म्हटलं तर दिवस तिथेच संपतो. सुरुवातीची नऊ वर्षं माझ्याकडे जुनी जिप्सी होती, नंतर पिकअप, आता पुन्हा छोटी फोर बाय फोर आहे. त्यामुळे पुढे जे सांगतोय ते गाड्यांच्या जाहिराती वाचून आलेलं नाही.

आधी तुमच्या पाणंदीचं बोलू. कागदावर ती रुंदच असणार. २०२५ मध्ये राज्य सरकारने शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्यावर 'इतर हक्कां'त व्हावी असा निर्णय घेतला. निर्णय चांगला आहे, तुमच्या पाणंदीचीही नोंद करून घ्या. पण येत्या पावसाळ्यात तुम्हाला जायचंय ते जागेवरच्या रस्त्याने. एका बाजूने कुणी नांगराचे दोन तास जास्तीचे पाडलेत, दुसऱ्या बाजूने वेडी बाभूळ आत आलीय, मध्येच विजेचा खांब आहे, ओढ्यावर सिमेंटचे नळे टाकून केलेली मोरी आहे आणि तिच्या दोन्ही कडा ढासळल्यात. या सगळ्यातून उरते ती तुमची खरी पाणंद. ती मोजल्याशिवाय शोरूममध्ये पाऊलसुद्धा टाकू नका.

मोजायची माझी पद्धत सांगतो. टेप धरून मोजू नका. टेपला दोन माणसं लागतात, आणि माणूस जिथे अरुंद वाटतं तिथेच मोजतो. गाडी मात्र दुसऱ्याच ठिकाणी अडकते. पाऊण इंची पीव्हीसी पाईप घ्या. जी गाडी मनात आहे तिच्या एका आरशाच्या टोकापासून दुसऱ्या आरशाच्या टोकापर्यंत जेवढी रुंदी, तेवढा पाईप कापा. कंपनी जी रुंदी छापते ती बहुधा आरसे सोडून असते. दोन्हीकडे वीत-वीतभर आरसा बाहेर येतो. हा पाईप छातीच्या उंचीवर आडवा धरून डांबरीपासून शेतापर्यंत चालत जा. मग तोच पाईप गुडघ्याच्या खाली धरून परत या.

जाताना पाईप फांद्यांना लागेल, तारेच्या कुंपणाला लागेल. ते फारसं मनावर घेऊ नका. फांद्या छाटता येतात, आरसे मिटवता येतात. येताना गुडघ्याखाली पाईप कशाला लागतो तो खरा अडथळा. बांधाचा दगड, तोडलेल्या बाभळीचा बुंधा, हद्दीचा खुणेचा दगड, मोरीच्या नळ्याचं उघडं तोंड. हे गवतात लपलेलं असतं आणि टायरची बाजू फाडतं ते हेच. पाईप जिथे जिथे लागला तिथे चुन्याची चिमूट टाका. परत येईपर्यंत तुम्हाला कळलेलं असेल की सातशे मीटरांतली साडेसहाशे मीटर वाट कुठल्याही गाडीला पुरते, आणि सगळा प्रश्न दोन-तीन जागांचा आहे. गाडी निवडायची ती त्या दोन-तीन जागांसाठी.

आता गाड्यांची रुंदी, आरसे सोडून. जिम्नी १६४५ मिलिमीटर, म्हणजे पाच फूट पाच इंच. तीन दारांची थार १८२०, म्हणजे सहा फुटाला काठोकाठ. गुरखा १८६५ आणि रॉक्स १८७०, दोन्ही सहा फूट दीड इंचाच्या आसपास. तुमच्या यादीत नाही, पण बरेच जण विचारतात म्हणून सांगतो: फॉर्च्युनर १८५५, स्कॉर्पिओ-एन १९१७, बोलेरो १७४५. माझी जुनी जिप्सी १५४० होती, आणि तिच्यासारखी पाणंदीत जाणारी गाडी मी अजून पाहिलेली नाही. पण आता ती जुनीच घ्यावी लागते, आणि आईंना तिच्या मागच्या आडव्या बाकावर बसवून न्यावं असं मला वाटत नाही.

जिम्नी आणि रॉक्स यांच्यातला फरक २२५ मिलिमीटरचा आहे, म्हणजे जवळजवळ नऊ इंच. एका बाजूला साडेचार इंच. डांबरीवर हा फरक जाणवतही नाही. पाणंदीत हेच साडेचार इंच म्हणजे चाक घट्ट मुरमावर आहे की चारीच्या भुसभुशीत काठावर, एवढा फरक.

रुंदी सगळे बघतात. अडकवतो तो बहुतेक वेळा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर. हे जरा सविस्तर सांगतो, कारण माझी स्वतःची चूक इथेच झाली होती.

दहा-अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मोहोळ तालुक्यात सीनेच्या अंगाला एका शेतात सौर पॅनेल पोचवायचे होते. माझी गाडी कामाला उभी होती, म्हणून एकाची डबल कॅब पिकअप मागून घेतली. पाच मीटरहून लांब गाडी, फोर बाय फोर, टायर नवे. सप्टेंबरचा शेवट. सोलापूरकरांना सांगायला नको, आपला खरा पाऊस तेव्हाच पडतो. पाणंद सरळ होती तोवर काही वाटलं नाही. पुढे एका विहिरीपाशी ती काटकोनात वळत होती. आतल्या बाजूला विहिरीचा दगडी कठडा, बाहेर पाण्याची चारी. पुढचं चाक मी चारीच्या अगदी काठाने, व्यवस्थित काढलं. मागचं आतलं चाक मात्र कठड्याकडे कापत गेलं. ते कापत जाणार हे मला माहीत होतं, किती कापेल याचा अंदाज नव्हता. मागचा दरवाजा कठड्याला टेकला. मागे घेतली तर पुढचं बाहेरचं चाक चारीत उतरायला लागलं. पुढेही जाता येईना, मागेही. तेवढ्यात समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर आला. त्या काठाला कुणी तरी हंगामाआधीच बेण्याचा ऊस हलवत होतं.

दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर मागे घेता येत नाही. पहिली एकीकडे वळते, दुसरी दुसरीकडे, आणि दोन्हींची घडी होते. पाणंदीत असा ट्रॅक्टर समोर आला की मागे तुम्हीच जायचं, हा इथला नियम आहे आणि तो योग्यच आहे. मला मागे जाता येत नव्हतं. तासभर तो ट्रॅक्टर, मागून आलेली दोन बैलगाड्यांची रांग आणि शाळेतून घरी निघालेली पोरं सगळी माझ्या गाडीपाशी थांबली. एक म्हातारे गृहस्थ कठड्यावर बसून म्हणाले, "गाडी लै मोठी आणलाव की ओ. हितनं आमची बैलगाडी बी अंग चोरून जाती." शेवटी चार जणांनी चारीत दगड भरले, त्यावर पुढचं चाक घेतलं आणि गाडी सुटली. एक दरवाजा घासला, त्याचे पैसे मी भरले. त्या लोकांचा गेलेला तास मात्र भरून देता आला नाही.

त्या रात्री मी कागदावर हिशेब मांडला, आणि तेव्हापासून प्रत्येक गाडीचा मांडतो. पुढच्या बाहेरच्या चाकाने सहा मीटर त्रिज्येचं वळण घेतलं असं धरा. सगळ्या गाड्यांना सारखंच वळण. मागचं चाक त्याच्यापेक्षा किती आतून जातं? तीन दारांच्या थारचा व्हीलबेस २४५० मिलिमीटर. तिचं मागचं चाक ५२ सेंटिमीटर आत कापतं. जिम्नीचा २५९०; ती ५९ सेंटिमीटर कापते. रॉक्सचा २८५०, ती ७२ सेंटिमीटर. गुरखा पाच दारीचा २८२५, म्हणजे रॉक्ससारखंच. हायलक्ससारख्या पिकअपचा तीन मीटरच्या वर, तिथे हा आकडा ८५ पर्यंत जातो. गणित पायथागोरसचं आहे, मुलाला सांगा, तो दहा मिनिटांत काढून देईल.

या आकड्यात गाडीची रुंदी मिळवली की वळणाला लागणारी जागा कळते. जिम्नी: १६४५ अधिक ५९०, म्हणजे सव्वादोन मीटरला किंचित कमी, सात फूट चार इंच. तीन दारी थार: २३४० मिलिमीटर, सात फूट आठ इंच. रॉक्स: २५९०, साडेआठ फूट. गंमत बघा, थार जिम्नीपेक्षा जवळपास सात इंच रुंद आहे, पण व्हीलबेस आखूड असल्यामुळे वळणावर फरक चारच इंचांचा उरतो. आणि जिम्नी व थार दोन्हींची लांबी सारखीच, ३९८५ मिलिमीटर. नुसती लांबी बघून गाडी मोठी की छोटी हे ठरवता येत नाही ते यासाठी.

हा हिशेब ढोबळ आहे. पुढचा बंपर चाकाच्या पुढे असतो, त्यामुळे वळताना त्याचा बाहेरचा कोपरा चाकापेक्षाही बाहेरून फिरतो. वळणाच्या बाहेरच्या अंगाला चारी असेल तर बंपर तिच्यावरून अधांतरी गेला तरी चालतं, चाक जाता कामा नये. पण बाहेर भिंत किंवा झाड असेल तर आणखी फूट-दीड फूट धरा. कोकणात जाणार आहात म्हणून हे मुद्दाम सांगतो. तिथे वाडीतल्या वाटांना दोन्हीकडे चिऱ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, असतात, आणि गडगा बंपरला जागा देत नाही.

तुम्ही कळवलंय की तुमच्या पाणंदीतही विहिरीजवळ एक वळण आहे, आतून कठडा आणि बाहेरून चारी, मध्ये साधारण आठ फूट. आता वरचे आकडे त्या आठ फुटांशेजारी ठेवून बघा. जिम्नीला आठ इंच उरतात. थारला चार, तेही कोरड्या दिवशी, शांत डोक्याने आणि कुणी तरी पुढे उभं राहून हात दाखवत असेल तर. रॉक्स आणि पाच दारी गुरखा एका दमात त्या वळणातून जाणार नाहीत. दोन-तीनदा मागे-पुढे करून निघतीलही. पण ओल्या काळ्या मातीत, चारीच्या काठावर, मागे-पुढे करणं हीच गाडी रुतवायची खात्रीची पद्धत आहे.

आणि माती मंगळवेढ्याची आहे. ज्वारीसाठी ती सोन्यासारखी, गाडीसाठी तेवढीच अवघड. काळी माती पाणी पिऊन फुगते, टायरच्या खाचांत बसते आणि चार फेऱ्यांत टायर गुळगुळीत करून टाकते. मग महागडा ऑल टेरेन टायर आणि झिजलेला टायर यांच्यात फरक राहत नाही. इथे वजनाचा प्रश्न येतो. जिम्नी रिकामी बाराशे किलोच्या आसपास, थार सतराशेच्या पुढे, रॉक्सची फोर बाय फोर दोन टनांच्या घरात. हलकी गाडी उथळ रुतते, आणि रुतली तरी छोट्या ट्रॅक्टरला हासडून काढता येते. जड गाडी पोटावर बसली की पाणंदीच्या अरुंदपणामुळे दुसरी गाडी तिच्या शेजारी जाऊच शकत नाही. ओढायचं ते सरळ पुढून किंवा सरळ मागून, आणि तिथे पोचायला मदत करणाऱ्यालाही तीच पाणंद आहे. एक कळकळीची सूचना: ओढताना दोर कंपनीने दिलेल्या हुकालाच बांधा. बंपरला, स्टेअरिंगच्या दांड्याला किंवा ट्रॉलीच्या गोळ्याला बांधू नका, आणि दोर ताणलेला असताना आजूबाजूला पोरंसोरं उभी राहू देऊ नका. तुटलेला हुक माणसाचा जीव घेतो.

पाऊस जोरात पडून गेल्यावर मात्र कुठलीच गाडी काळ्या रानात घालू नका. दोन दिवस ऊन पडू द्या. यात गाडी छोटी की मोठी हा प्रश्नच येत नाही.

चाकोरीबद्दलही थोडं. पाणंदीत ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन खोल चाकोऱ्या पडलेल्या असतात आणि मध्ये उंच वरंबा. तुमच्या गाडीच्या डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर त्या चाकोऱ्यांशी जुळलं तर गाडी सरळ चालते, पण वरंबा पोटाला लागतो. नाही जुळलं तर एक चाक खड्ड्यात आणि एक वरंब्यावर, गाडी कलती. जिम्नीचं हे अंतर १४०० मिलिमीटरच्या आसपास आहे, थारचं त्याहून सव्वाशे मिलिमीटर जास्त. चाकोरीच्या मध्यापासून मध्यापर्यंत सुतळी धरून मोजा. फार वेगळा आकडा आला तर वरंबा फावड्याने उतरवून घ्या. एका गड्याचं एका दिवसाचं काम आहे, आणि त्या एका दिवसाने गाडीच्या खालचं बरंच काही वाचतं.

बांध ओलांडताना पोट घासतं की नाही हेसुद्धा व्हीलबेसवर ठरतं. कंपन्या त्याचा कोन देतात. तीन दारी थारचा सव्वीस अंशांच्या वर, जिम्नी आणि रॉक्स दोन्हींचा चोवीसच्या आसपास. म्हणजे इथे जिम्नीला रॉक्सवर फारशी आघाडी नाही, आणि तीन दारी थार दोघींपेक्षा सरस आहे. पुढचा बंपर चढाला लागायचा कोनही थारचा एक्केचाळीसच्या वर आणि जिम्नीचा छत्तीस. तुमची वाट बांधांची, खड्ड्यांची आणि रुंद असती, तर मी बिनदिक्कत थार सांगितली असती. ओढ्यातल्या पाण्याचंही तसंच: थार साडेसहाशे मिलिमीटर पाण्यातून जाते असं कंपनी सांगते, गुरखा सातशे. पण आपल्या ओढ्याला पाणी असतं तेव्हा तळ दिसत नसतो. चप्पल काढून आधी स्वतः चालत जा. पाणी मांडीपर्यंत आलं किंवा पाय ओढत नेत असेल तर परत फिरा.

मोठ्या गाडीवर अन्याय नको. लांब व्हीलबेसची गाडी खड्ड्यांतून डोलत नाही, चढावर पुढून उचलल्यासारखी होत नाही, पुणे महामार्गावर शंभरच्या वेगात शांत धावते. पाच माणसं आणि सामान घेऊन महिन्यातून चारदा लांबचा प्रवास करणाऱ्याला मी जिम्नी सुचवत नाही. तिच्यात चारच जणांची सोय आहे, आणि मागची सीट उभी असताना डिकी २०८ लिटर, म्हणजे दोन पिशव्या आणि पाण्याचा जार. खताचं एक पोतं न्यायचं तरी मागची सीट पाडावी लागेल. हे आत्ताच समजून घ्या.

तीन दारी थारबद्दल तुमच्या घरात एकच अडचण आहे, पण ती मोठी आहे. मागे बसायला पुढची सीट दुमडून आत शिरावं लागतं. अडुसष्ट वर्षांच्या बाईंना, तेही लुगडं नेसलेलं असेल तर, हे रोजचं करायला लावू नये. पुढे बसवायचं म्हटलं तर सुनेला आणि मुलाला दर वेळी मागे शिरावं लागणार. पाणंदीच्या हिशेबात ती थोडी कमी पडते, आईंच्या हिशेबात बरीच.

उंचीकडे लोक बघत नाहीत. गुरखा दोन मीटरहून उंच आहे. वर कॅरियर लावला की वेड्या बाभळीची प्रत्येक फांदी त्याला लागते. शिवाय कलत्या चाकोरीत उंच गाडीच्या छतावर सामान असेल तर ती लवकर झोकांडते. पाणंदीच्या गाडीला छतावर काही बांधू नका.

बाभळीवरून आठवलं. मऊ मातीत टायरची हवा कमी केली की पकड वाढते, पण त्याच वेळी टायरची बाजू बाहेर फुगते आणि काटा नेमका तिथे घुसतो. बाजूचं पंक्चर निघत नाही, टायर बदलावा लागतो. म्हणून मी पाणंदीत हवा फार उतरवत नाही, वीस-बावीस पीएसआयच्या खाली तर नाहीच. आणि मोठे रुंद टायर टाकायच्या भानगडीत पडू नका. जी रुंदी वाचवण्यासाठी तुम्ही एवढा विचार करताय ती टायरमध्ये घालवून बसाल, शिवाय मूळ रचनेबाहेरचे बदल कायद्यातही बसत नाहीत.

आता सुट्टीतल्या भटकंतीचं. उजनीचा काठ उन्हाळ्यात मैलोन् मैल मोकळा होतो आणि वरून कोरडा दिसतो. भेगा पडलेल्या पापुद्र्याखाली गाळ तसाच ओला असतो. काठापासून लांब, जुन्या चाकोरीवरच राहा, तिथेही हलकी गाडीच बरी. बालाघाटाकडच्या मुरमाच्या वाटांना तुमच्या चारही गाड्या चालतील. नान्नजच्या बाजूला मात्र वाट सोडून माळावर गाडी घालू नका, आणि अभयारण्याच्या हद्दीत तर परवानगीशिवाय नाहीच. तो माळ रिकामा दिसतो, पण माळढोकासाठी राखलेला आहे. काळवीट, लांडगे आहेत, जमिनीवर अंडी घालणारे पक्षी आहेत. टिटवीचं घरटं म्हणजे चार खडे गोळा केल्यासारखं दिसतं. चाकाखाली गेलं तरी कळत नाही.

तर तुमच्यासाठी माझं मत जिम्नी असं आहे. चौघंच आहात, पाच दारं आहेत, आई सहज चढतील-उतरतील, वळणावर आठ इंच मोकळे राहतात, फोर लो आहे, आणि समोरून ट्रॅक्टर आला तर तीनशे मीटर मागे घेणं तुमच्या आवाक्यातलं आहे. घरी हॅचबॅक आहेच, तीही विकू नका. मन रॉक्सवरच बसलं असेल तर एक मार्ग आहे. विहीरमालकांशी बोलून बाहेरच्या चारीवर पंधरा-वीस फुटांचा नळा टाकून घ्या, म्हणजे वळणाला दोन फूट जादा मिळतील. खर्च तुम्ही करा आणि नळा चारीच्या तोंडाइतकाच मोठा घ्या, नाही तर पाणी तुंबून त्यांच्या रानात शिरेल. ते हो म्हणाले तर रॉक्सला माझी हरकत नाही. नाही म्हणाले तर तो त्यांचा हक्क आहे.

पैसे भरण्याआधी शोरूमवाल्यांना विचारून गाडी एकदा पाणंदीच्या तोंडापर्यंत आणा. आत नेऊ देणार नाहीत, नेऊही नका. तिथल्या मोकळ्या जागेत चुन्याने आठ फुटांची काटकोनी वळणाची आकृती आखा, आतल्या कोपऱ्यावर एक विटांची चवड रचा आणि त्यातून गाडी काढून बघा, पुढून एकदा आणि उलट एकदा. उलट काढताना आईंना नाही, मुलाला शेजारी बसवा, त्याची मान लवकर वळते. वीट पडली की उतरून मागचं चाक कुठून गेलं ते बघा.

आणि पाईप टाकून देऊ नका. आत्ता उन्हाळ्यात मोजलेली पाणंद सप्टेंबरात तशी नसते. दोन्हीकडची कुपाटी आत आलेली असते, मोरीची कड आणखी खचलेली असते. गणपती उठले की पुन्हा एकदा पाईप घेऊन चालून या आणि आठ फुटांचे किती उरले ते कळवा. टायरचं तेव्हा बोलू.